मायको, ट्राम निघाली

"मायको, झोपलात का?"

हे मी त्याच्याशी बोललेले पहिले शब्द. प्रेमकथेची सुरुवात अशी करतं का कुणी? पण माझं असंच आहे. राग आला की तोंड आधी पोचतं आणि डोकं मागून रिक्षा करून येतं.

त्या सकाळी मी एका जुन्या सिटी बसमध्ये, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, हातात वॉकीटॉकी घेऊन बसले होते. समोर मायको सर्कलचा सिग्नल लालभडक. आमच्या कंपनीला एक काम मिळालं होतं. उद्या त्र्यंबक रोडवरून ट्राम धावली, म्हणजे मेट्रोसारखी डोक्यावरून नाही, तर रिक्षा-स्कूटरच्या बरोबरीने रस्त्यावरून, तर आपल्या सिग्नलांचं काय होईल ते बघायचं. ट्राम आली की तिला हिरवा द्यायचा, नाहीतर ती कसली ट्राम! पण तिला हिरवा म्हणजे आडव्या रस्त्याला लाल. तिथे किती गाड्या तुंबतात, लोक किती वैतागतात, हे कॉम्प्युटरवर करून झालं होतं. आता खऱ्या रस्त्यावर बघायचं होतं. ट्राम काही आमच्याकडे नव्हती. म्हणून ही बस भाड्याने घेतली, काचेवर 'चाचणी' असा कागद चिकटवला आणि तिलाच ट्राम म्हणायला लागलो. मी बसमधून पुढच्या चौकाला कळवायचं, 'ट्राम निघाली'. चौकातला माणूस सिग्नलच्या पेटीपाशी उभा राहून हिरवा देणार. इतकं सोपं.

आणि पहिल्याच फेरीला मायकोवाल्याने दिला नाही.

वॉकीटॉकी खरखरला. "मॅडम, झोपनारा मानूस एवढ्या थंडीत चौकात उभा ऱ्हाईल का? आडव्या रोडला ॲम्ब्युलन्स शे. तिला जाऊ देतो, मग तुमची ट्राम. ओव्हर."

बघते तो खरंच, सायरन वाजवत ॲम्ब्युलन्स समोरून निघून गेली. माझं तोंड असं झालं की काय सांगू! मागे बसलेली सृष्टी खुसुखुसु हसायला लागली. सृष्टी म्हणजे माझी मैत्रीण, बसमधली दुसरी इंजिनीअर. धोंडीरामकाकांनी, आमच्या ड्रायव्हरने, आरशातून माझ्याकडे बघितलं. "घ्या ताई. सकाळी सकाळी परसाद भेटला."

सिग्नल हिरवा झाला. बस पुढे गेली तेव्हा तो खिडकीतून दिसला. नारिंगी जॅकेट, डोक्याला माकडटोपी, आणि टोपीला दोन बोटं लावून ठोकलेला सलाम. मी मान फिरवली... आणि चौक मागे गेल्यावर पुन्हा वळून बघितलं.

त्याचं नाव नवनाथ बच्छाव. सटाण्याकडचा, नामपूरचा. डिप्लोमा इंजिनीअर, सिग्नल बसवणाऱ्या ठेकेदाराकडे नोकरीला. मराठी आमच्यासारखीच बोलायचा, पण घाईत असला किंवा हसू अडवत असला की मधेच त्याची अहिराणी डोकवायची. 'आहे'चं 'शे' व्हायचं, 'आली'ची 'उनी' व्हायची. आवाज खालच्या पट्टीतला, सावकाश. सगळे चौक एकाच चॅनलवर होते, पण बाकीच्यांचं बोलणं मला कामापुरतं ऐकू यायचं. याचं मात्र... जाऊ दे.

"मायको, ट्राम निघाली."

"येऊ द्या. पायघड्या घालून ठेवतो."

"नुसता हिरवा द्या, पुरे."

"तोच तर त्रास शे ना मॅडम. मी काम चांगलं केलं की तुम्ही थांबतच नाही."

चॅनलवर कुणीतरी खोकलं. मी खिडकीबाहेर बघत बसले. सृष्टीने माझ्या कानाची पाळी चिमटीत धरली आणि हळूच म्हणाली, "लाल... लाल... अजून लाल..."

एकदा सर्कलच्या अलीकडे बस हळू झाली, तेव्हा तो चालत्या बसबरोबर चार पावलं धावला आणि ड्रायव्हरच्या खिडकीतून वर्तमानपत्राचा पुडा आत दिला. "काका, ट्रामला द्या." आत द्राक्षं. गार, अजून पांढरट धूळ अंगावर असलेली, घरच्या मळ्यातली. काका म्हणाले, "घ्या ताई, तिकीट आलं."

"थँक्यू, मायको. गोड आहेत."

"आमची आई बोलली, ज्या मॅडमनी पहिल्याच दिवशी झाडलं तिला दे. तोंड गोड होईल."

म्हणजे याने घरी माझ्याबद्दल सांगितलं होतं! मी वॉकीटॉकीचा सेट मांडीवर ठेवला आणि एक एक द्राक्ष पुरवून पुरवून खाल्लं. सृष्टीला चारच दिली. ती अजून बोलून दाखवते.

एका दुपारी बसच्या टायरमधली हवा गेली आणि मी चालत मायकोला गेले. काम होतं म्हणून हो! चौकात ट्रॅफिकच्या चांगुणाताई उभ्या होत्या. त्यांच्याकडेही आमचा एक सेट दिलेला होता. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाल्या, "ही का ती ट्राम?"

तो टपरीवरून दोन चहा घेऊन आला. टोपी काढलेली, केस विस्कटलेले, आणि डोळे... आवाजापेक्षा लाजरे. हे मला अपेक्षित नव्हतं. वॉकीटॉकीवर एवढा बोलणारा माणूस समोर उभा राहिल्यावर ग्लासातल्या चहाकडे बघत होता.

"आडव्या रोडचे लोक माझ्याकडे कसे बघतात ठाऊक शे?" तो म्हणाला. "रिकामी बस जाते आणि आम्ही थांबायचं, असं. काल एक आजी रिक्षातून उतरून भांडायला आल्या."

"मग?"

"मग पुढच्या फेरीत त्यांना जास्तीचा हिरवा दिला. ज्याची वेळ घेतली त्याला पुढच्या फेरीत ती परत द्यायची. तुमच्याच रिपोर्टात शे ना."

"तुम्ही रिपोर्ट वाचला?"

"तुम्ही लिहिलाय म्हणून दोनदा वाचला." मग कान खाजवत म्हणाला, "पहिल्यांदा समजला नव्हता, हे पन खरं."

मी इतकी हसले की चहा स्वेटरवर सांडला. त्याने खिशातून रुमाल काढला, पुढे केला, पुन्हा मागे घेतला, कारण त्याला ग्रीसचे डाग होते. मी तो ओढून घेतला. परत दिलाच नाही.

आता मला जे सांगायचंय ते सांगताना माझे कान आत्ताही गरम होतायत.

फेरी सुरू व्हायच्या आधी बस एबीबी सर्कलपाशी, जिथून फेरी सुटायची तिथे, उभी होती. धोंडीरामकाका खाली चहाला गेलेले. मी आणि सृष्टी तिखटमीठ लावलेला पेरू खात होतो. हात चिकट म्हणून मी वॉकीटॉकी पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात कोंबला होता.

"कबूल कर ना," सृष्टी म्हणाली. "आवडतो तुला."

"गप गं."

"रुमाल उशीखाली ठेवतेस का?"

आमचं घर पंचवटीतलं, गायधन्यांचं. बाबा गंगेवर, म्हणजे आमच्या नदीच्या घाटावर, यजमानांचे विधी सांगतात. आई शाळेत मराठी शिकवायची, तिला कुणी 'पानी' म्हटलं की घास घशात अडकतो. नवनाथला घेऊन मी आईसमोर उभी आहे, असं चित्र माझ्या मनात कित्येकदा येऊन गेलं होतं आणि दर वेळी मी घाबरून ते पुसलं होतं. ती भीती लपवायला मी काय करावं? मी नक्कल केली. त्याची. त्याच्याच सुरात, मान हलवून.

"'मॅडम, शिग्नल हिरवा शे! ट्राम उनी, ट्राम उनी!' आईसमोर असा बोलला तर? आई त्याला आधी पाटी घेऊन 'ण' गिरवायला बसवेल!"

सृष्टी हसली. मग मला चेव चढला.

"चौकात ठीक आहे गं, टाइमपास. पण घरी न्यायचा माणूस नाही तो."

म्हटलं मी असं. याच तोंडाने.

तेवढ्यात धोंडीरामकाका धावत आले. हातातला चहा शर्टावर सांडलेला. "ताई, बटन! तुमचं बटन दाबलं गेलंय! समदं चौकाचौकात ऐकू जातंय!"

मी सेट बाहेर काढला. त्याच्यावरचा लाल ठिपका पेटलेला होता. पर्सच्या शिवणीत बटण दाबलेलंच राहिलं होतं. वॉकीटॉकीचं असं असतं की एकाचं बटण दाबलेलं असलं की बाकी कुणालाच बोलता येत नाही. त्यांनी फक्त ऐकायचं. मला कुणी गप्प करू शकलं नव्हतं. चौक एकमेकांशी बोलू शकत नव्हते, कुणाला हिरवा आणि कुणाला लाल याचा पार गोंधळ उडाला होता, आणि लांबून हॉर्नचा कल्लोळ ऐकू येत होता.

मी बटण सोडलं. आधी आमचे साहेब, ऑफिसात कॅमेऱ्यांवर चौक बघत बसलेले देवव्रत सर, बोलले. "वल्लरी, बोलून झालं असेल तर चॅनल मोकळा ठेव."

आणि मग तो.

"मायको. सिग्नल तयार आहे. ट्राम पाठवावी. ओव्हर."

आहे. तो 'आहे' म्हणाला होता.

धरणीमाते, पोटात घे, असं म्हणतात ना, ते मी मनातल्या मनात खरोखर म्हटलं. बस मायकोवरून जाताना मी चपलेचा बंद शोधायच्या निमित्ताने सीटखाली वाकले. चपलेला बंद नव्हताच.

त्यानंतर तो इतकं शुद्ध बोलायला लागला की आईने त्याची पाठ थोपटली असती. "सिग्नल हिरवा केला आहे." "आडव्या रस्त्यावर गर्दी नाही." एकेक शब्द जपून, ओल्या फरशीवर पाय टाकावा तसा. पायघड्या नाहीत, आई काय बोलली ते नाही, सलाम नाही. काम चोख. बस एकदाही थांबली नाही. चॅनलवर सगळे माझ्याशी फार सभ्यपणे बोलत होते आणि त्या सभ्यपणाने मी आणखी मेले. सृष्टी म्हणाली, "मी पण हसले गं, माझीही चूक." पण बोलले तर मी होते ना.

शेवटी, दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात, धीर करून मी चालत मायकोला गेले. तो पेटीत डोकं घालून तारा तपासत होता.

"सॉरी," मी म्हटलं.

"कशाबद्दल, मॅडम? चॅनल अडकला होता. होतं असं."

"ते नाही... मी जे बोलले..."

"मी दुसरं काही ऐकलं नाही." त्याने वर बघितलं नाही. "तुमची बस निघेल."

मी वळले. डोळ्यांत पाणी, समोरचं सगळं धूसर. चांगुणाताईंनी शिट्टी वाजवून माझ्यासाठी गाड्या थांबवल्या आणि दंडाला धरून मला रस्ता पार करून दिला.

"ऐकलं नाही म्हणतो?" त्या म्हणाल्या. "सेट कानाला लावून उभा होता तो. तुझा आवाज आला म्हणून आधी हसत होता. मग हसायचा थांबला. मी होते ना तिथे." आणि मग, "काय गं, अपमान चारचौघांत केलास आणि माफी कोपऱ्यात मागतेस होय?"

बाई बरोबर बोलत होती.

संध्याकाळी घरी आले तेव्हा बाबा ओट्यावर बसून फोनवर बोलत होते. "या भो, सोमवारले या. माय कशी शे? तिले बी सोबत लई या." मी चप्पल काढता काढता तिथेच थांबले. आमचे यजमान पिढ्यान्‌पिढ्या बागलाणातले, म्हणजे नवनाथच्याच सटाण्याकडचे, आणि खानदेशातले. गंगेवरच्या प्रत्येक घराचा असा आपला मुलूख ठरलेला असतो. बाबा यजमानांशी असंच बोलतात, मी लहानपणापासून ऐकत आलेय. पण ती बाबांची कामाची भाषा, असं समजून मी कधी तिच्याकडे लक्षच दिलं नव्हतं. उंबऱ्याच्या आत आलं की ती बंद.

"बाबा, मला ही बोली शिकवाल?"

"का गं एकदम?"

मी सांगितलं. सगळं. पेरू, पर्स, नक्कल, 'घरी न्यायचा माणूस नाही'. आई आत होती, तिलाही ऐकू जात असणार. बाबांनी चष्मा काढला, उपरण्याने पुसला.

"याच लोकांच्या दक्षिणेवर तू इंजिनीअर झालीस, वल्लू," ते एवढंच म्हणाले.

ओरडले असते तर बरं झालं असतं. मी ओट्यावर बसून हमसाहमशी रडले. बाबांनी मला रडू दिलं. मग विचारलं, "मुलगा कसा आहे?"

"आवाज चांगला आहे."

"आणि बाकी?"

"बाकीचाही."

"हं. मग म्हण माझ्यामागे," बाबा म्हणाले. आतून भांड्यांचा आवाज थांबला होता.

चाचणीची शेवटची फेरी झाली. सगळं मोजून झालं होतं, आता फक्त बस परत न्यायची होती. चौकाचौकात माणसं अजून उभी होती, बस गेली की पेट्या बंद करून निघणार होती. एबीबी सर्कलवर मी वॉकीटॉकी हातात घेतला. सृष्टीने माझं मनगट धरलं. यावेळी बटण मी दाबलं. जाणूनबुजून.

"सगळ्या चौकांना. वल्लरी बोलतेय. दोन मिनिटं चॅनल माझ्याकडे ठेवतेय, सर, मग काय ओरडायचं ते ओरडा." मी सेट तोंडाजवळ घेतला. "आपला नियम आहे, ज्याची वेळ घेतली त्याला पुढच्या फेरीत ती परत द्यायची. मी मायकोकडून जे घेतलं ते तुम्हा सगळ्यांच्या देखत घेतलं. म्हणून तुम्हा सगळ्यांच्या देखत... नवनाथ, मनी चूक व्हयनी. माले लाज वाटस. तुमची नाही. माझी मला. तुम्हाला घरी न्यायचं मी रोज मनात आणत होते आणि रोज घाबरत होते, म्हणून मी तुमची नक्कल केली. भित्री माणसं असंच करतात. तुम्ही मला शुद्ध मराठीत 'आहे' म्हणता ना, तेव्हा मला जेवण जात नाही. तुमचा 'शे' मला परत हवाय. मिळायलाच हवा असं नाही. आणि... तुम्ही माले आवडतस."

मी बटण सोडलं.

खरखर. नुसती खरखर. कुणी खोकलंसुद्धा नाही.

"काका," मी म्हटलं, "चला."

धोंडीरामकाकांनी बस काढली. मी खिडकीबाहेर बघत राहिले आणि मनाशी ठरवलं की मायको येईल तेव्हा सीटखाली वाकायचं नाही. हिरवा असेल, बस जाईल, तो दिसेल आणि मागे पडेल. हेच माझ्या वाट्याचं. मी मुकाट्याने घेईन.

मायको आलं. सिग्नल लाल होता.

बस थांबली. इतक्या दिवसांत पहिल्या दिवसानंतर प्रथमच थांबली. मागच्या गाड्यांनी हॉर्न सुरू केले. चांगुणाताई मागे वळून एका कारवाल्यावर ओरडल्या, "थांब की दोन मिनिटं, आग लागली का?" आणि झेब्रा क्रॉसिंगवरून नारिंगी जॅकेट माझ्या खिडकीकडे यायला लागलं.

तो खिडकीखाली उभा राहिला. टोपी हातात.

"सिग्नलला काय झालं?" मी विचारलं.

"सिग्नल बरा शे," तो म्हणाला.

शे. मी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"वाईट वाटलं होतं," तो म्हणाला. तोही माझ्याकडे बघत नव्हता, बसच्या पत्र्याकडे बघत होता. "लय वाईट वाटलं. घरी फोनवर बोलतानी पन माझ्या तोंडून 'आहे' निघायला लागलं. आई म्हने, तुला काय झालं रे."

"मी त्यांचीही माफी मागेन."

"तिच्या पुढ्यात मागा. ती जेवू घातल्याशिवाय सोडनार नाही." मग पहिल्यांदा वर बघितलं. "'आवडतस' कुणी शिकवलं?"

"बाबांनी."

त्याच्या भुवया वर गेल्या. "बाबांना माहितीये?"

"आता अख्ख्या त्र्यंबक रोडला माहितीये."

तो हसला. तो हसला ना, तेव्हा कुठे मला श्वास घेता आला. मी पर्समधून रुमाल काढला, धुऊन इस्त्री केलेला, पण ग्रीसचा डाग तसाच. तो पुढे केला. त्याने रुमाल घेतला आणि माझी बोटंही सोडली नाहीत.

"उद्या रविवार आहे," मी म्हटलं. "घरी याल? आई चुका काढेल. आधीच सांगते."

"मी काही 'पाणी' म्हननार नाही."

"नका म्हणू. ती पाणी तर देईल."

मांडीवरचा सेट खरखरला. देवव्रत सर. "मायको, आडवा रस्ताही अडवलाय तुम्ही आणि हाही. सगळं शहर तुमच्यासाठी उभं आहे. हिरवा कुणाला देताय?"

नवनाथने खिडकीतून हात आत घातला, माझ्या मांडीवरचा सेट उचलला. बटण दाबलं. कान लालेलाल, पण आवाज तोच, खालच्या पट्टीतला, सावकाश.

"आडव्या रोडला, सर. त्यांनी लय वाट पाह्यली. ट्राम थांबनार शे. ओव्हर."

त्याने पेटीकडे हात केला, चांगुणाताईंनी तिथलं बटण फिरवलं, आणि आडव्या रस्त्याच्या गाड्या सुटल्या. रिक्षा, स्कूटर, भाजीचा टेम्पो, सगळे आमच्याकडे बघत बघत निघाले. आमच्यापुढे लालच होता. धोंडीरामकाकांनी आरशातून एकदा आमच्याकडे बघितलं आणि इंजिन बंद केलं.